कावीळ, कूळ आणि तांबे

कोकणात 'कूळ' ह्या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक अर्थ खोताच्या वहीतला: जमीन कसणारा, पिकाचा मोठा वाटा खोताच्या खळ्यावर नेऊन टाकणारा आणि पिढ्यानपिढ्या कसूनही जमिनीवर हक्क नसणारा माणूस. ह्या कुळांनी अलिबाग तालुक्यातील चरी येथे 1933 ते 1939 असा दीर्घ संप केला, नारायण नागू पाटील ह्यांच्या नेतृत्वाखाली उपासमार सोसली, आणि खोताचा हक्क हा ईश्वरी संकेत नसून माणसांनी केलेली व्यवस्था आहे, ती माणसांना मोडताही येते, हे दाखवून दिले. दुसरा अर्थ घराण्याचा, रक्ताचा. ह्या दुसऱ्या अर्थाच्या कुळावरची खोती मात्र अद्याप मोडलेली नाही. घरातील एक मूल पोट फुगून, पिवळे पडून गेले आणि दोन-चार वर्षांनी दुसरेही त्याच वाटेला लागले, की उरणपासून श्रीवर्धनपर्यंतच्या कोणत्याही गावात एकच निकाल ऐकू येतो: "त्यांच्या कुळातच आहे ते." हा निकाल लागला की डॉक्टर सुटतो, शासन सुटते, शेजारीही सुटतात. सुटत नाही ती फक्त त्या मुलाची आई, कारण कुळाचा दोष सासरचा की माहेरचा ह्याची चर्चा सुरू झाली की ती बहुधा माहेराच्या दारातच जाऊन थांबते.

आनुवंशिक रोग असतात, हे नाकारण्याचे कारण नाही. समाजवाद्यांनी तर ते मुळीच नाकारू नये. विज्ञानाशी वैर धरून कोणतीही मुक्ती साधत नाही. प्रश्न वेगळा आहे. 'आनुवंशिक' ह्या शब्दाचा अर्थ 'असाध्य' असा केला जातो, 'असाध्य'चा अर्थ 'तपासण्यात अर्थ नाही' असा होतो, आणि तपासण्यात अर्थ नाही हे एकदा ठरले की तपासणीची सोय नसल्याबद्दल कोणाला जाब विचारण्याचेही कारण उरत नाही. मुलांच्या यकृताच्या विकारांत ही साखळी जितकी खोटी ठरलेली आहे तितकी क्वचितच दुसरीकडे ठरली असेल. ह्याचा सर्वांत मोठा पुरावा बोरघाटाच्या वर, पुण्यातच सापडतो.

लहान मुलांचे यकृत घट्ट होऊन सुकत जाण्याचा एक रोग भारतात शंभर वर्षे घर करून होता. 1887 साली कलकत्त्यात त्याचे वर्णन झाले. पुढे जगभरच्या वैद्यकीय ग्रंथांत तो 'इंडियन चाइल्डहूड सिऱ्होसिस' ह्या नावाने नोंदला गेला. देशाचे नाव लागलेला असा रोग अभिमानाचा विषय नव्हता. सहा महिन्यांपासून चार-पाच वर्षांपर्यंतची मुले, त्यांतही एक ते तीन वर्षांची अधिक. मूल चिडचिडे होई, अन्न सोडी, पोट वाढे, यकृताची कड हाताला धारदार लागे, मग कावीळ, जलोदर आणि काही महिन्यांत मृत्यू. एकाच घरात एकाहून अधिक मुले जात. नात्यात लग्ने झालेल्या घरांतही तो दिसे. साहजिकच विद्वानांचा कल आनुवंशिकतेकडे झुकला. हिंदूंत अधिक, मध्यमवर्गीय व खाऊनपिऊन सुखी असलेल्या घरांत अधिक, अशी निरीक्षणे जमत गेली आणि त्यांतून जातीच्या व रक्ताच्या उपपत्त्या रचल्या गेल्या. गरिबांच्या झोपडीत रोग कमी आणि दुभत्याच्या घरात जास्त, हे कोडे मात्र सुटत नव्हते. कुपोषणाची सवय झालेल्या वैद्यकाला हे उलटे गणित होते.

1978-79 च्या सुमारास ह्या मुलांच्या यकृताच्या तुकड्यांत तांब्याचे प्रचंड साठे आहेत, हे सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट झाले. निरोगी यकृतात वाळलेल्या वजनाच्या ग्रॅममागे पन्नास मायक्रोग्रॅमपेक्षा कमी तांबे असते. ह्या मुलांत ते त्याच्या कित्येक पटींनी, अनेकदा हजाराच्याही पुढे असे. तांबे आले कोठून? पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित व डॉ. शीला भावे आणि इंग्लंडमधील डॉ. स्टुअर्ट टॅनर ह्यांनी हा प्रश्न रक्तात न शोधता स्वयंपाकघरात शोधला. 1983 साली 'लॅन्सेट' ह्या नियतकालिकात त्यांचा निबंध आला. उत्तर होते पितळी पातेले. आईचे दूध कमी आहे म्हणून, किंवा नुसत्याच समजुतीने, बाळाला लवकर 'वरचे' दूध सुरू करायचे. ते गाई-म्हशीचे दूध कल्हई उडालेल्या पितळेच्या वा तांब्याच्या भांड्यात तापवायचे, त्यातच तासन्‌तास ठेवायचे, आणि दिवसभर तेच पाजायचे. दुधातील केसीन नावाचे प्रथिन तांब्याला धरून ठेवते; पाण्यात जेवढे तांबे उतरत नाही तेवढे दुधात उतरते. तान्ह्या मुलाच्या यकृतात मुळातच तांब्याचा साठा मोठा असतो आणि पित्तावाटे ते बाहेर टाकण्याची शक्ती अपुरी असते. 1987 साली ह्याच गटाने रोगी मुले आणि त्यांच्या जोडीची निरोगी मुले ह्यांच्या आहाराचा इतिहास ताडून पाहिला, तेव्हा लवकर सुरू केलेले वरचे दूध आणि पितळी भांडी हाच फरक ठळकपणे उभा राहिला.

कोडे उलगडले. म्हैस ज्याच्या दारी आणि पितळी भांडी ज्याच्या फडताळात, त्याच्या मुलावर संकट. जिच्या घरी दुभते नाही आणि अंगावरच पाजण्यावाचून गत्यंतर नाही, त्या मजूर बाईचे मूल निदान ह्या एका रोगातून सुटले. गरिबीने मूल वाचवल्याचे हे बहुधा एकमेव उदाहरण असेल, आणि त्यावरून गरिबीचे गुण कोणी गाऊ नयेत. मराठी स्वयंपाकघराला ह्यातले अर्धे शास्त्र ठाऊक होते. बिनकल्हईच्या भांड्यात ताक वा आमटी राहिली की ती 'कळकते', हिरवट होते, मळमळते, हे प्रत्येक आजी सांगत असे आणि गल्लीत कल्हईवाला आला की भांडी बाहेर काढत असे. पण कळकलेले ताक जिभेला समजते, तांबे उतरलेले दूध तसे समजत नाही. आणि ज्याला ते पाजले जात होते त्याला बोलता येत नव्हते.

पुढे काय झाले हेही नोंदले पाहिजे, कारण कुळाच्या दोषाचा निकाल त्यातच लागला. स्टेनलेस स्टीलची भांडी स्वस्त झाली, घरोघरी गेली. निव्वळ स्तनपानाचा आग्रह डॉक्टरांनी धरला. आणि ज्या रोगाने शंभर वर्षे घरे रिकामी केली तो 1990 नंतरच्या काळात दुर्मिळ झाला. एका पिढीत माणसांचे रक्त बदलत नसते. भांडी बदलली होती. रोग जुना होता तेव्हाच पुण्यात पेनिसिलामाइन हे तांबे बाहेर काढणारे औषधही वापरून पाहण्यात आले: सुरुवातीच्या अवस्थेत सापडलेली मुले त्याने वाचू शकली, कावीळ व जलोदर घेऊन आलेली बहुतेक दगावली. म्हणजे जगणे आणि मरणे ह्यांतील अंतर औषधाचे नव्हते, निदानाच्या तारखेचे होते.

ऑस्ट्रियातील टायरॉल प्रांताची हकीकत ह्या कथेला आणखी एक पदर जोडते. तेथील डोंगराळ भागात 1900 ते 1974 ह्या काळात 138 बालके अशाच यकृतविकाराने गेल्याची नोंद संशोधकांनी 1996 साली प्रसिद्ध केली. तेथेही कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यांतील दूध कारण निघाले, आणि भांडी बदलताच रोग गेला. पण तेथील वंशावळी तपासल्यावर असेही दिसले की तेच दूध पिणाऱ्या सर्व मुलांना रोग झाला नाही. काही कुटुंबांत दोन्ही पालकांकडून आलेली एखादी जन्मजात दुर्बलता असावी, जिच्यामुळे त्या मुलांना तांबे पेलवले नाही. आनुवंशिकता खोटी ठरली नाही. ती एकटी मारत नाही एवढे सिद्ध झाले. बंदुकीत गोळी असते, पण चाप कोठे असतो हे पाहावे लागते, आणि चाप बहुधा समाजाच्या हाती असतो.

आता खऱ्याखुऱ्या आनुवंशिक विकाराकडे वळले तर चित्र अधिकच बोलके होते. विल्सन ह्या ब्रिटिश डॉक्टरने 1912 साली वर्णन केलेला रोग आजही त्याच्या नावाने ओळखला जातो. तांबे पित्तात सोडणारे एक प्रथिन ह्या रोग्यांत नीट घडत नाही; त्याचा जनुक, एटीपी७बी, 1993 साली सापडला. आई-वडील दोघेही त्या दोषाचे मूक वाहक असतात, स्वतः निरोगी असतात, आणि प्रत्येक अपत्याला रोग होण्याची शक्यता चारांत एक असते. 'माहेरचे की सासरचे' हा गावातला वाद येथेच निकालात निघतो: दोन्हीकडचे, समसमान. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत ज्या समाजांत आहे तेथे दोन वाहक एकत्र येण्याचा संभव वाढतो, हे खरे. पण नात्यात लग्न न केलेल्या घरातही हा रोग होतो, तेव्हा ह्या एका रूढीवर सर्व खापर फोडून मोकळे होता येत नाही.

रोग आनुवंशिक, जन्मापासूनचा, आणि तरीही जवळजवळ संपूर्णपणे आटोक्यात येणारा. जॉन वॉल्श ह्यांनी 1956 मध्ये पेनिसिलामाइनचा उपयोग दाखवल्यापासून हा मृत्युदंड राहिलेला नाही. जस्ताच्या साध्या क्षारांनीही आतड्यातून तांबे शोषले जाणे रोखता येते. लक्षणे दिसण्यापूर्वीच औषध सुरू झाले आणि ते जन्मभर न चुकता चालले, तर ते मूल शाळेत जाते, होडीवर जाते, संसार करते. त्याला तांब्याने समृद्ध असलेले काही पदार्थ, निदान सुरुवातीच्या काळात, टाळावे लागतात. ह्या किनाऱ्यावर त्याचा अर्थ असा, की ओहोटीला खडकावरून काढलेली कालवे इतरांना पौष्टिक असली तरी त्या एका मुलाच्या ताटात वाढायची नाहीत. एवढीच त्याच्या प्रारब्धाची किंमत. मात्र ते सापडले पाहिजे.

सापडत का नाही? किनाऱ्यावरच्या गावात कावीळ झाली की प्रथम आठवतो तो कावीळ 'उतरवणारा'. गळ्यात माळ, नाकात रस, पिवळे पाणी. त्याची ख्याती कशावर उभी आहे हे कार्यकर्त्यांनी समजून घेतले पाहिजे, नुसते हसून भागणार नाही. मुलांतील बहुतेक कावीळ दूषित पाण्यातून येणाऱ्या विषाणूची असते आणि ती काही आठवड्यांत आपोआप बरी होते. श्रेय माळेला मिळते. विल्सनच्या रोग्याचीही पहिली कावीळ कधीकधी अशीच ओसरते, माळेची कीर्ती आणखी वाढते, आणि यकृत आतून जळत राहते. म्हणून एक साधी खूण प्रत्येक अंगणवाडीताईला व आशाताईला ठाऊक असावी. दूषित पाण्याची 'अ' प्रकारची कावीळ एकदा होऊन गेली की सहसा पुन्हा होत नाही. मुलाला दुसऱ्यांदा कावीळ झाली, किंवा पहिलीच लांबली, पायांवर सूज आली, पोटात पाणी झाले, यकृत वा पाणथरी हाताला लागू लागली, तर त्या मुलाचे यकृत तपासलेच पाहिजे. शिक्षकांसाठीही एक खूण आहे. सातवी-आठवीतील हुशार मुलाचे अक्षर बिघडू लागले, हात कापू लागला, बोलणे अडखळू लागले, लाळ गळू लागली, तर ते मूल आळशी झाले असे नव्हे. त्याला 'बाहेरचे' लागले असेही नव्हे. यकृतात न मावणारे तांबे मेंदूत उतरत असण्याची शक्यता तेथे असते. अशा मुलांना छड्याही मिळतात आणि अंगारेही.

आणि तपासणी म्हणजे काही अंतराळविज्ञान नव्हे. रक्तातील सेरुलोप्लाझ्मिन ह्या प्रथिनाचे प्रमाण, चोवीस तासांच्या लघवीतील तांबे, आणि डोळ्यांच्या डॉक्टरकडील स्लिट लॅम्पखाली बुबुळाच्या कडेशी दिसणारे तपकिरी-हिरवट कडे. ह्या तिन्हींतून बहुतेक निदाने होतात. कडे नसले म्हणजे रोग नाही असे मात्र समजू नये. यकृतविकार घेऊन आलेल्या मुलांत ते अनेकदा नसतेच. संशय उरला तर यकृताचा सूक्ष्म तुकडा आणि जनुकाची चाचणी मोठ्या रुग्णालयात. ज्या घरात एक रोगी सापडला त्या घरातील प्रत्येक भावंडाची तपासणी ही तर केवळ ऐच्छिक बाब नव्हे; चारांत एक हे प्रमाण तिला कर्तव्य बनवते. पहिले मूल निदानाविना गेले तर दुसऱ्याचा दरवाजाही त्याच वेळी बंद होतो, कारण काय शोधायचे हेच कोणाला ठाऊक राहत नाही. निदानाविना झालेला एक मृत्यू म्हणजे पुष्कळदा दोन मृत्यू असतात.

तान्ह्या बाळांची गोष्ट आणखी घाईची आहे. जन्मानंतरची कावीळ पुष्कळ बाळांना होते आणि जाते. परंतु चौदा दिवसांनंतरही ती राहिली, लघवी गडद पिवळी होऊ लागली आणि शी पांढुरकी, मातीच्या रंगाची झाली, तर वाट पाहणे हा गुन्हा आहे. पित्तवाहिन्या बंद असण्याचा विकार, जो बहुधा आनुवंशिक नसतो, तो असेल तर जपानी शल्यवैद्य कासाई ह्यांच्या नावाची शस्त्रक्रिया साधारणपणे साठ दिवसांच्या आत झाली तरच तिचा भरवसा. गॅलॅक्टोसीमिया हा आनुवंशिक दोष असेल तर ज्या दुधावर बाळ वाढायचे तेच दूध त्याच्या यकृताला विष ठरते, आणि दूध बदलणे हाच उपचार असतो. तो पहिल्या काही दिवसांतच व्हावा लागतो. फळातील व उसातील साखर न सोसणारेही एक आनुवंशिक व्यंग आहे. त्या बाळाला कौतुकाने गुळाचे बोट चाटवले, मध चाटवला, तर ते ओकते, मलूल होते, पिवळे पडते, आणि दोष दृष्टीला दिला जातो. तैवानने 2004 पासून देशभर प्रत्येक नवजात बाळाच्या पुस्तिकेत शीच्या रंगांचा तक्ता छापला. आईने रंग जुळवून पाहायचा, फिकट निघाला तर दूरध्वनी करायचा. जपानच्या माता-बाल पुस्तिकेतही 2012 पासून तो आहे. हा तक्ता छापायला लागतो काय? रंगीत शाई आणि अक्कल. शासनाच्या माता-बाल कार्डावर मंत्र्यांची छायाचित्रे छापण्यास कधी शाई कमी पडल्याचे ऐकिवात नाही. शेजारच्या गोव्यात 2008 साली नवजात बालकांच्या टाचेतील रक्ताच्या थेंबावरून अनेक चयापचय-दोषांची सार्वत्रिक चाळणी सुरू करण्यात आली होती. जे गोव्याला सुचू शकते ते गोव्याच्या अनेक पटींनी मोठा अर्थसंकल्प बाळगणाऱ्या महाराष्ट्राला सुचू नये, ह्यात पैशाचा प्रश्न दुय्यम आहे.

रायगडच्या किनाऱ्याची विटंबना भूगोलात आहे. मांडव्याच्या धक्क्यावरून मुंबईचे दिवे दिसतात. त्या दिव्यांच्या पलीकडे परळला एका हमरस्त्यावर मुलांचे वाडिया रुग्णालय, के.ई.एम. आणि रक्तविकारांची राष्ट्रीय संस्था हारीने उभ्या आहेत. दुर्मिळ रोगांसाठी केंद्र सरकारने नेमलेल्या उत्कृष्टता केंद्रांतही मुंबईचे के.ई.एम. आहे. पण दिवे दिसणे आणि पोहोचणे वेगळे. मुंबईतले धनिक ह्या समुद्रातून वेगवान बोटींनी शनिवारी अलिबागला येतात. पावसाळ्यात प्रवासी लाँच बंद झाली की मुरूड-श्रीवर्धनच्या बाईने मांडीवर आजारी मूल घेऊन एस.टी.ने पेणच्या बाजूने वळसा घालायचा. एक दिवस जाण्याचा, एक रांगेचा, तिसरा चाचणीच्या निकालाचा. कोळ्याची बाई तीन दिवस मासळीबाजारात बसली नाही तर घरी काय शिजते? म्हणून ती चौथ्यांदा जात नाही, आणि रुग्णालयाच्या कागदावर 'रुग्ण पुढील तपासणीस आला नाही' अशी नोंद होते. दोष पुन्हा तिचाच.

शासनाच्या योजना नाहीत असे म्हणता येणार नाही. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, शाळा-अंगणवाड्यांत मुले तपासणारी पथके आहेत. 2021 चे दुर्मिळ रोगांचे राष्ट्रीय धोरण आहे. त्यात पुढे रुग्णामागे पन्नास लाखांपर्यंत साहाय्याची तरतूद झाली, आणि यकृतारोपणाने बरे होऊ शकणारे काही आनुवंशिक विकारही यादीत आहेत. महाराष्ट्रात महात्मा फुले ह्यांच्या नावाची जनआरोग्य योजना आहे. जोतीरावांचे नाव वापरण्यात शासने कधी कमी पडत नाहीत. ह्या सर्वांत एक समान खोट आहे. रोग सिद्ध झाला, रुग्ण दाखल झाला, मोठी शस्त्रक्रिया ठरली, की पैसा हलू लागतो. रोग सिद्ध करण्याचा जो आधीचा, स्वस्त, कंटाळवाणा टप्पा आहे, बाह्यरुग्ण विभागातल्या चाचण्या, पुन्हा चाचण्या, भावंडांच्या चाचण्या, तेथे कुटुंब एकटे असते. खासगी प्रयोगशाळेत सेरुलोप्लाझ्मिनला शेतमजुराची दोन-तीन दिवसांची मजुरी पडते. चार भावंडांचा हिशेब वाचकांनीच करावा. यकृतारोपणाला लाखांत खर्च येतो, देशातील लहान मुलावरचे पहिले यशस्वी यकृतारोपण 1998 साली दिल्लीला खासगी रुग्णालयात झाले, आणि तेव्हापासून हा व्यवसाय फोफावला आहे. जस्ताच्या गोळीत नफा नसतो. जो रोग गोळीवर थांबला असता तो वाढू देऊन शस्त्रक्रियागृहापर्यंत आणणारी व्यवस्था दुष्ट माणसांनी चालवलेली असते असे नाही. ती नफ्याच्या उताराने आपोआप तिकडे वाहते.

औषधाच्या बाजारात हा उतार किती खोल जातो त्याचा दाखला ह्याच रोगात आहे. पेनिसिलामाइन न सोसणाऱ्या विल्सनच्या रोग्यांसाठी ट्रायएंटाइन नावाचे जुने औषध आहे. वॉल्श ह्यांनी ते 1969 पासून वापरले. अमेरिकेत त्याच्या शंभर कॅप्सूलची किंमत 2010 साली सुमारे 650 डॉलर होती. व्हॅलियंट ह्या कंपनीने ते हाती घेतल्यावर 2015 पर्यंत ती 21,000 डॉलरांच्या पुढे गेली. औषधात नवे काहीही नव्हते. अमेरिकी सिनेटच्या समितीने चौकशी केली, कंपनीची छीथू झाली, आणि 2018 साली आलेली दुसऱ्या कंपनीची 'स्वस्त' आवृत्तीही 18,000 डॉलरांहून महाग निघाली. रोगी थोडे, पर्याय नाही, आणि औषध थांबवले तर मृत्यू: भांडवलाला ह्याहून आदर्श ग्राहक कोणता? भारतात 1970 च्या पेटंट कायद्याने आणि पिंपरीसारख्या सार्वजनिक कारखान्यांनी एकेकाळी ह्या लुटीला बांध घातला होता. तो बांध खचत असताना दुर्मिळ रोग्याच्या औषधाची हमी शासनाने घेतल्याखेरीज निदानालाही अर्थ राहत नाही, कारण जन्मभराची गोळी महिनाभर तुटली तरी वर्षांची कमाई वाया जाऊ शकते.

चळवळीतूनच येणारा एक आक्षेप येथे विचारात घेतला पाहिजे. तीस हजारांत एकाला होणाऱ्या रोगासाठी एवढा आटापिटा कशाला, कातकरी वाड्यांवर मुले भुकेने खंगत असताना? आक्षेप प्रामाणिक आहे, आणि भुकेचा अग्रक्रम कोणी नाकारीत नाही. पण तीस हजारांत एक हा जगभरचा ढोबळ अंदाज रायगडला लावला, तर 2011 च्या जनगणनेतील 26 लाख 34 हजार लोकसंख्येत ऐंशी-नव्वद माणसे ह्या एका रोगाची निघतात. दुसरे असे, की ज्या केंद्रावर मुलाचे पोट चाचपून पाहणारा हात आणि रक्ताचा नमुना नेणारी पेटी असेल, तेथे सिकलसेलही सापडेल, थॅलेसेमियाही सापडेल, क्षयही सापडेल. आणि कातकरी मुलाचे पोट वाढले तर ते 'कुपोषण' म्हणून लिहून टाकण्याची जी सवय आहे, तिच्याखाली यकृताचे किती विकार गाडले गेले असतील? दुर्मिळ रोग श्रीमंतांचे असतात असे वाटते, कारण श्रीमंतांचेच निदान होते.

निदान गावात होऊ शकत नाही, असे म्हणणाऱ्यांना रायगडनेच एकदा उत्तर दिलेले आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर 1976 मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रावर आले, तेव्हा लाल विंचवाच्या दंशाने माणसे, विशेषतः मुले, पटापट मरत आणि तेही नशिबाचेच मानले जाई. त्यांनी रोग्याच्या खाटेशी बसून लक्षणांची नोंद ठेवली, मृत्यू हृदयाच्या मार्गाने येतो हे ओळखले, 1982 साली 'लॅन्सेट'मध्ये ते प्रसिद्ध केले, आणि पुढे प्राझोसिन ह्या साध्या औषधाने मृत्यूंचे प्रमाण खाली आणले. ह्यासाठी परळला जावे लागले नाही. आता अलिबागला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. त्याने आपल्या जिल्ह्यातील मुलांच्या यकृतविकारांची नोंदवही ठेवण्यास आरंभ केला, तर तिची किंमत एखाद्या नव्या इमारतीच्या फरशीहून कमी असेल.

एक नवी गोष्टही नजरेआड होऊ नये. पितळ आणि तांबे ही भांडी आता प्रतिष्ठेची म्हणून परत येत आहेत. 'पारंपरिक आरोग्य' ह्या नावाखाली दुकानांतून तांब्याच्या बाटल्या, पितळी पातेली विकली जातात, आणि किनाऱ्यावरच्या पर्यटकी उपाहारगृहांनी तर त्यांची शोभाच मांडली आहे. निरोगी प्रौढाने तांब्यातले पाणी प्यायल्याने आकाश कोसळत नाही. त्याचे यकृत जास्तीचे तांबे बाहेर टाकते. पण ज्या पिढीने पितळी पातेल्यांमुळे मुले गमावली ती पिढी मावळत आली, कल्हईवाले गेले, आणि नव्या सुनेला कल्हई म्हणजे काय हेच ठाऊक नाही. तान्ह्याचे दूध बिनकल्हईच्या पितळेत वा तांब्यात तापवायचे नाही, ठेवायचे नाही, हे वाक्य लसीकरणाच्या दिवशी प्रत्येक आईच्या कानी पडले पाहिजे. पुण्यात मिळवलेले ज्ञान जाहिरातींखाली बुजू देणे परवडणार नाही.

मागण्या त्यामुळे मोठ्या नाहीत. अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात सेरुलोप्लाझ्मिन व लघवीतील तांब्याच्या तपासणीचे नमुने रोज घेतले जावेत आणि परळला पाठवून निकाल परत मागवण्याची जबाबदारी रुग्णालयाची असावी, आईची नसावी. माता-बाल कार्डावर शीच्या रंगांचा तक्ता यावा. पेनिसिलामाइन व जस्ताच्या गोळ्या नोंदलेल्या रोग्याला तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातच अखंड मिळाव्यात. एक रोगी सापडला की त्याची सर्व भावंडे महिन्याच्या आत विनामूल्य तपासली जावीत. 15 ऑगस्ट 2023 पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार विनामूल्य केल्याचे शासन सांगते. ह्या चाचण्या त्या विनामूल्य यादीत आहेत की नाहीत, आणि असल्या तर श्रीवर्धन, मुरूड व उरण येथे प्रत्यक्षात होतात की नाहीत, हे माहितीच्या अधिकारात विचारून घेण्याचे काम पक्षाच्या तालुका शाखांना करता येण्यासारखे आहे. त्याच अर्जात आणखी एक प्रश्न जोडावा: गेल्या पाच वर्षांत जिल्ह्यात काविळीने वा यकृतविकाराने दगावलेल्या पंधरा वर्षांखालील मुलांपैकी किती मुलांच्या मृत्यूचे कारण चाचणीने निश्चित झाले होते.